समोरचा सर्व्हर मेल नाकारतो तेव्हा: तपास कुठून सुरू करायचा

"आमचे मेल जात नाहीयेत." या एका तक्रारीखाली अनेक निरनिराळे बिघाड येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांना किंवा होस्टिंगवरच्या डोमेनचे मेल सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो. मी तो ज्या क्रमानं सोडवतो तोच क्रम इथे देतो: आधी नुसतं वाचून कळणारं, मग डीएनएस (डोमेनचे पत्ते आणि नोंदी सांगणारी यंत्रणा), आणि सर्व्हरच्या सेटिंगला हात सगळ्यात शेवटी.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा, म्हणजे खालच्या निम्म्या तपासण्या वाचायचीही गरज पडणार नाही.

- मेल पाठवल्यावर मिनिटाभरात "मेलर डीमन"च्या नावानं तो परत येतो. त्यात ५ नं सुरू होणारा तीन आकडी कोड असतो.
- बराच वेळ काहीच होत नाही. मग "अजून पोचलेला नाही, प्रयत्न चालू आहे" अशी सूचना येते आणि चार-पाच दिवसांनी मेल परत येतो.
- बाकी सगळीकडे मेल जातात, पण एकाच सेवेकडे, म्हणजे फक्त जीमेलकडे किंवा फक्त आउटलुककडे, जात नाहीत.
- कालपर्यंत सगळं सुरळीत होतं, आज सगळीकडून नकार येतोय.
- एकाच पत्त्यावर कधी मेल जातो, कधी परत येतो.
- तुम्ही कधी न पाठवलेल्या मेलचे नकार तुमच्या पेटीत येऊन पडतात.

नकार येत नाही, पण मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातो, हा वेगळा विषय आहे. तिथे सर्व्हरनं मेल स्वीकारलेला असतो. खालच्या काही तपासण्या त्यालाही लागू पडतात, पण तो इथे मुख्य नाही.

तपास सुरू करण्याआधी एक गोष्ट थांबवा: तोच मेल पुन्हा पुन्हा पाठवणं. नाकारलेला मेल दहादा पाठवला की समोरच्या सर्व्हरच्या हिशेबात दहा नकार जमा होतात. काही सेवा अशा आयपीचा वेग कमी करतात किंवा त्याला काही काळ बंद करतात, आणि मग मूळ कारण दुरुस्त झालं तरी मेल अडकून राहतात.

परतीचा मेल शेवटपर्यंत वाचा

ही तपासणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि लोक हीच टाळतात. "अनडिलिव्हर्ड" एवढं वाचून खिडकी बंद होते आणि नंतर तासन्‌तास अंदाज बांधले जातात. खरं कारण बहुतेक वेळा त्याच मेलमध्ये खाली लिहिलेलं असतं. त्यातून तीन गोष्टी काढून घ्या.

पहिली, नाही कोण म्हणालं. नकार समोरच्या सर्व्हरनं दिला की तुमच्याच सर्व्हरनं? परतीच्या मेलच्या तांत्रिक भागात "रिमोट एमटीए" (दुसरा मेल सर्व्हर) अशी ओळ असेल, किंवा "होस्ट अमुक सेड" असा मजकूर असेल, तर दुसऱ्या सर्व्हरशी बोलणं झालं आणि त्यानं नाकारलं. तसं काही नसेल तर मेल बहुधा तुमच्या सर्व्हरमधून बाहेरच पडला नाही. हा फरक न पाहता डीएनएस बदलत बसलेले लोक मी फार पाहिले आहेत.

दुसरी, कोड. पहिला आकडा ४ असेल तर नकार तात्पुरता आहे. तुमचा सर्व्हर आपणहून पुन्हा प्रयत्न करेल. ५ असेल तर नकार कायमचा आहे. सर्व्हर पुन्हा प्रयत्न करणार नाही आणि करूही नये. त्याच्यापुढे टिंबांनी जोडलेला आणखी एक तीन भागांचा कोड असतो, तो जास्त बोलका असतो. त्यातला मधला आकडा विषय सांगतो: १ म्हणजे पत्ता, २ म्हणजे पेटी, ३ म्हणजे समोरची मेल यंत्रणा, ४ म्हणजे नेटवर्क आणि मार्ग, ५ म्हणजे सर्व्हरमधल्या संवादाचे नियम, ६ म्हणजे मजकुराचं स्वरूप, ७ म्हणजे सुरक्षा आणि धोरण. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे. ५.३.४ म्हणजे मेल आकारानं मोठा आहे. ५.७ नं सुरू होणारे कोड सगळ्यात त्रासदायक, कारण तिथे समोरच्याला तुमच्या सर्व्हरवर किंवा डोमेनवर विश्वास वाटत नाही.

तिसरी गोष्ट, नकार कोणत्या टप्प्यावर आला. दोन सर्व्हरमधलं बोलणं ठरलेल्या क्रमानं होतं: जोडणी, मग "हेलो" म्हणत नाव सांगणं, मग "मेल फ्रॉम" म्हणजे पाठवणारा, मग "आरसीपीटी टू" म्हणजे घेणारा, आणि शेवटी "डेटा" म्हणजे प्रत्यक्ष मेल. जोडणी होताच नकार आला तर समोरच्यानं अजून फक्त तुमचा आयपी पत्ता पाहिलेला असतो, त्यामुळे दोष तिथेच शोधायचा: ब्लॉकलिस्ट (नाकारायच्या आयपींची यादी) किंवा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव शोधणं). "डेटा"नंतर नकार आला तर त्यानं पूर्ण मेल वाचला आहे, म्हणजे दोष सही, डीमार्क (पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का याची तपासणी, ती पुढे येते) किंवा मजकूर यांत असतो. मधल्या टप्प्याबाबत मात्र सावध राहा. पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचा एक प्रोग्राम) मूळ सेटिंगमध्ये आधीच्या टप्प्यांवरचे नकारसुद्धा घेणाऱ्याचा पत्ता ऐकून झाल्यावरच कळवतो, त्यामुळे "आरसीपीटी टू"वरच्या नकाराचा अर्थ पत्ता चुकीचा असाच होत नाही.

साध्या गोष्टी आधी

पत्त्याचं स्पेलिंग, विशेषतः डोमेनचा भाग. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं डोमेन दुसऱ्या कुणाच्या मालकीचं असू शकतं आणि तिथला सर्व्हर नाकारतो. मेल प्रोग्राम जुने पत्ते आपोआप सुचवतात, म्हणून पत्ता पुन्हा हातानं टाइप करून एकदा पाहा.

आकार. जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना बेस६४ पद्धतीनं लिहिली जाते आणि साधारण एक तृतीयांशानं फुगते. म्हणजे २० एमबीची फाइल वाटेत २७ एमबीच्या आसपास होते. समोरची मर्यादा २५ असेल तर ती नाकारली जाणारच. तुमच्याच पोस्टफिक्सची मूळ मर्यादा तर १० एमबीच्या आसपास, नेमकी १,०२,४०,००० बाइट आहे. ती वाढवली नसेल तर मेल घरातच अडतो.

डोमेनची मुदत. नूतनीकरण राहिलं की डीएनएस बंद पडतं आणि "कालपर्यंत नीट होतं" हे लक्षण अगदी जसंच्या तसं दिसतं. हे पाहायला मिनिटही लागत नाही.

मेल जातोय तरी कुठे

आता घेणाऱ्या डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड पाहा. "डिग" किंवा "एनएसलुकअप" यांपैकी कोणतंही साधन चालेल. हा रेकॉर्ड त्या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरनं घ्यायचे ते सांगतो. त्यात सर्व्हरचं नाव हवं. आयपी पत्ता चालत नाही, आणि ते नाव दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा सीनेम असणंही नियमात बसत नाही.

इथे एक बिघाड इतक्या वेळा भेटतो की त्यावर थोडं थांबतो. एखादी संस्था आपले मेल वेब होस्टिंगवरून काढून दुसऱ्या सेवेकडे नेते. एमएक्स बदलतात, पेट्या हलवतात, सगळं छान चालतं. पण वेबसाइट जुन्याच सर्व्हरवर असते, आणि त्या सर्व्हरला अजूनही वाटतं की या डोमेनचे मेल माझ्याचकडे आहेत. मग वेबसाइटवरच्या फॉर्मचे मेल, किंवा त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या ग्राहकांनी या डोमेनला पाठवलेले मेल, बाहेर जातच नाहीत. सर्व्हर स्वतःच्या यादीत पेटी शोधतो, ती सापडत नाही, आणि ५.१.१ म्हणजे "असा पत्ता नाही" असं उत्तर देतो. जगातल्या बाकी सगळ्यांचे मेल मात्र व्यवस्थित पोचत असतात, त्यामुळे कुणाचा विश्वासच बसत नाही की दोष आपल्याकडे आहे. ओळखायची खूण वरचीच: परतीच्या मेलमध्ये दुसऱ्या सर्व्हरचं नाव नसतं. उपाय सोपा आहे. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये त्या डोमेनसाठी मेलचा मार्ग "लोकल"वरून "रिमोट"वर करा, किंवा सर्व्हरच्या स्थानिक डोमेनच्या यादीतून ते नाव काढा.

"रिले ॲक्सेस डिनाइड" हा नकारही याच गटातला. समोरचा सर्व्हर म्हणतोय की हे डोमेन माझं नाही, मी दुसऱ्यासाठी मेल घेणार नाही. एकतर एमएक्स चुकीच्या सर्व्हरकडे बोट दाखवतोय, किंवा त्या सर्व्हरवर डोमेन जोडायचं राहिलंय. हाच नकार तुमच्या स्वतःच्या सर्व्हरकडून आला तर तुमचा मेल प्रोग्राम लॉगिन न करता पाठवतोय. पाठवण्यासाठी लॉगिनसह ५८७ किंवा ४६५ पोर्ट वापरा. २५ हा सर्व्हर-सर्व्हरमधल्या बोलण्यासाठी असतो.

रांग आणि लॉग

मेल परत न येता अडकला असेल तर सर्व्हरची रांग पाहा. पोस्टफिक्सवर "मेलक्यू" ही आज्ञा प्रत्येक अडलेल्या मेलखाली शेवटचं कारण दाखवते. तिथे तीन चित्रं दिसू शकतात.

सगळ्याच मेलपुढे "कनेक्शन टाइम्ड आउट" दिसत असेल तर बाहेर जाणारं २५ पोर्ट बंद असण्याची शक्यता मोठी आहे. अनेक इंटरनेट सेवा आणि क्लाउड कंपन्या स्पॅम रोखण्यासाठी ते मुद्दाम बंद ठेवतात. ते उघडायला त्यांना विनंती करावी लागते, किंवा दुसऱ्या सेवेच्या रिलेमार्फत, म्हणजे आपले मेल पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरमार्फत, ५८७ वरून मेल पाठवावे लागतात. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये काहीही बदललं तरी याच्यावर परिणाम होत नाही, म्हणून तिथे वेळ घालवू नका.

थोड्याच मेलपुढे ४५० किंवा ४५१ आणि "थोड्या वेळानं प्रयत्न करा" असं असेल तर ते ग्रेलिस्टिंग आहे. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा मुद्दाम परतवायचं आणि तो पुन्हा आला तर आत घ्यायचं, ही २००३ पासून चालत आलेली युक्ती आहे. बरेच स्पॅमवाले पुन्हा येतच नाहीत. इथे काहीही करू नका. नियमाप्रमाणे सर्व्हरनं काही वेळानं पुन्हा प्रयत्न करायचा असतो आणि तो करतोच. फक्त तुमचे मेल दर वेळी वेगळ्या आयपीवरून बाहेर पडत असतील तर समोरच्याला तुम्ही दर वेळी नवे वाटता, आणि मेल फार लांबतो. पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये पाच दिवस प्रयत्न करून मग मेल परत करतो.

तिसरं चित्र म्हणजे रांगेत हजारो मेल, सगळे एकाच खात्यावरून, अनोळखी पत्त्यांना. असं दिसलं तर खालच्या तपासण्या सोडून थेट ब्लॉकलिस्टच्या भागावर जा.

रिव्हर्स डीएनएस आणि सर्व्हरचं नाव

तुमच्या आयपीवरून नाव शोधता आलं पाहिजे, आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळाला पाहिजे. ही दोन्हीकडची जुळणी नसेल तर बरेच सर्व्हर पहिल्याच टप्प्यावर नाकारतात. कारण सरळ आहे: घरगुती जोडणीवरच्या, व्हायरस शिरलेल्या संगणकांना अशी नीट नावं नसतात.

आयपीवरून नाव सांगणारी नोंद म्हणजे पीटीआर रेकॉर्ड. तो लावताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तो डोमेनच्या पॅनेलमध्ये लावून उपयोग होत नाही. आयपी ज्याच्या मालकीचा, म्हणजे क्लाउड कंपनी किंवा इंटरनेट सेवा, त्यांच्याकडेच तो लागतो. "रेकॉर्ड लावलाय तरी दिसत नाही" या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच निघतं. सर्व्हर "हेलो" म्हणताना जे नाव सांगतो तेही पूर्ण आणि खरं असू द्या. "लोकलहोस्ट" सांगणारा सर्व्हर नाकारला गेला तर समोरच्याचं काही चुकलं नाही.

आणि आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांचा नवा प्रकार. "कधी जातो, कधी परत येतो" या लक्षणामागे मला हे कारण पुष्कळदा सापडतं. सर्व्हरला दोन्ही प्रकारचे पत्ते असतात, पीटीआर आणि एसपीएफ (डोमेनच्या नावानं कोणते आयपी मेल पाठवू शकतात ती नोंद) मात्र फक्त जुन्या आयपीव्ही४ साठी लावलेले असतात. मेल आयपीव्ही४ वरून गेला की पोचतो, आयपीव्ही६ वरून गेला की परत येतो. जीमेल याबाबत कडक आहे. लॉगमध्ये नकाराच्या वेळी कोणता पत्ता वापरला गेला ते पाहा. आयपीव्ही६ साठी सगळे रेकॉर्ड लावणं जमत नसेल तर तूर्त मेलसाठी ते बंद करणं हा अगदी रास्त उपाय आहे.

एसपीएफ, डीकिम, डीमार्क

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणारा खरा आहे का हे पाहणाऱ्या या तीन तपासण्यांचे नियम सक्तीचे केले. प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी हवं. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याला तिन्ही हवेत. मायक्रोसॉफ्टनं मे २०२५ पासून आपल्या ग्राहक पेट्यांना मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी तसेच नियम आणले. वर्षानुवर्षं चाललेले सर्व्हर अचानक नकार खाऊ लागले ते यामुळे. ५.७.२६ हा कोड जीमेलकडून आला असेल तर तपास इथेच करायचा.

एक फरक पक्का समजून घ्या, नाहीतर पुढचं काही उलगडत नाही. मेलवर पाठवणारा दोन ठिकाणी लिहिलेला असतो: एक पाकिटावर आणि एक आतल्या पत्रावर. पाकिटावरचा पत्ता सर्व्हर एकमेकांना "मेल फ्रॉम" म्हणून सांगतात. आतला "फ्रॉम" वाचणाऱ्याला दिसतो. एसपीएफ पाकिटावरचं डोमेन तपासतो. डीकिम ही मेलवरची सही, ती कोणत्याही डोमेनची असू शकते. डीमार्क विचारतो की या दोघांपैकी एक तरी उत्तीर्ण झालंय का, आणि त्याचं डोमेन आतल्या "फ्रॉम"शी जुळतंय का. म्हणूनच "एसपीएफ पास आहे, तरी डीमार्क फेल का" हा प्रश्न इतका वारंवार येतो: पास झालेलं डोमेन वेगळंच असतं, बहुतेक वेळा मेल पाठवून देणाऱ्या सेवेचं.

एसपीएफमध्ये मला सारख्या दिसणाऱ्या चुका सांगतो. एकाच डोमेनवर दोन एसपीएफ रेकॉर्ड. नवी सेवा घेतली, तिनं सांगितलेली ओळ जुनीच्या खाली वेगळी लावली, आणि दोन्ही बाद; नियमाप्रमाणे एकापेक्षा जास्त असतील तर निकाल कायमची चूक असाच लागतो. दोन्ही एका ओळीत एकत्र करा. दुसरी चूक म्हणजे दहा शोधांची मर्यादा. "इन्क्लूड", "ए", "एमएक्स" असे प्रत्येक घटक डीएनएसमध्ये शोध घ्यायला लावतात, आणि एका "इन्क्लूड"च्या पोटात आणखी चार असू शकतात. एकूण दहाच्या वर गेलं की पुन्हा तीच कायमची चूक. सरळ लिहिलेले आयपी पत्ते या मोजणीत येत नाहीत. वापर बंद केलेल्या सेवा आधी काढून टाका. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. आणखी एक बारकावा: परतीचे मेल आणि काही आपोआप जाणारी उत्तरं यांच्या पाकिटावर पाठवणारा रिकामा असतो. तेव्हा एसपीएफ "हेलो"तल्या नावावर तपासला जातो, म्हणून सर्व्हरच्या नावालाही एसपीएफ रेकॉर्ड द्या.

डीकिममध्ये दोन जागा पाहा. सही तपासण्यासाठी डीएनएसमध्ये ठेवलेली २०४८ बिटची सार्वजनिक चावी एका २५५ अक्षरांच्या तुकड्यात मावत नाही; ती तुकडे करून लावावी लागते, आणि काही पॅनेल ती मुकाट्यानं कापतात. लावल्यावर डीएनएसमधून परत मागवून शेवटपर्यंत आली का ते बघा. दुसरं, "बॉडी हॅश" (मजकुराचा ठसा) जुळत नाही असं दिसलं तर सही झाल्यावर कुणीतरी मेल बदललाय: खाली सूचना जोडणारा प्रोग्राम, अँटिव्हायरसची ओळ, किंवा मधला रिले. सही सगळ्यात शेवटी झाली पाहिजे.

तपासायची सोपी रीत: जीमेलच्या एखाद्या पत्त्यावर मेल पोचत असेल तर तिथे "शो ओरिजिनल" उघडा. तिन्हींचा निकाल आणि कोणतं डोमेन तपासलं गेलं ते वरच लिहिलेलं असतं.

वेबसाइटच्या संपर्क फॉर्मविषयी वेगळं सांगायलाच हवं. बरेच फॉर्म भेट देणाऱ्याचा पत्ता "फ्रॉम"मध्ये घालून मेल पाठवतात. त्यानं याहूचा पत्ता दिला की तुमचा सर्व्हर याहूच्या नावानं मेल पाठवतो, आणि याहूनं तर एप्रिल २०१४ मध्येच आपल्या नावानं दुसरीकडून आलेले मेल नाकारा असं डीमार्क धोरण जाहीर केलंय. "फ्रॉम"मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि भेट देणाऱ्याचा पत्ता "रिप्लाय टू"मध्ये घाला. आपोआप पुढे पाठवले जाणारे मेल हाही असाच त्रास: मधल्या सर्व्हरचा आयपी मूळ डोमेनच्या एसपीएफमध्ये नसतो, त्यामुळे एसपीएफ मोडतो. अशा वेळी डीकिमची सही टिकली तरच मेल वाचतो. म्हणून दोन्ही लावा, एकावर थांबू नका.

डीएनएस बदलल्यावर लगेच चाचणी घेऊन "फरक पडला नाही" म्हणू नका. जुना रेकॉर्ड त्याच्या टीटीएलइतका (रेकॉर्ड साठवून ठेवण्याची ठरलेली मुदत) वेळ इतरांच्या सर्व्हरवर राहतो. एका वेळी एकच बदल करा.

ब्लॉकलिस्ट

नकारात स्पॅमहाउस (अशा याद्या चालवणारी संस्था) किंवा तशा दुसऱ्या यादीचं नाव दिसलं की लोक पहिलं काम करतात ते यादीतून नाव काढायचा अर्ज भरण्याचं. ते दुसरं काम आहे. पहिलं काम म्हणजे नाव का गेलं ते शोधणं. कारण न काढता अर्ज केला की नाव निघतं, स्पॅम चालूच असतो, नाव पुन्हा जातं, आणि पुढच्या वेळी ते निघायला जास्त त्रास पडतो.

कोणत्या यादीत नाव आहे त्यावरून बरंच कळतं. स्पॅमहाउसची पीबीएल ही दोषारोपाची यादी नाही. जिथून थेट मेल पाठवले जाणं अपेक्षित नाही अशा आयपींचे पट्टे तिच्यात असतात. मेल सर्व्हर घरगुती जोडणीवर चालवत असाल तर हे होणारच. एक्सबीएलमध्ये नाव असेल तर त्या आयपीमागचं एखादं यंत्र बाधित आहे, आणि ते मेल सर्व्हरच असेल असं नाही. त्याच जोडणीवरचा कुणाचाही संगणक असू शकतो. एसबीएल ही स्पॅमशी थेट जोडलेल्या आयपींची यादी; तिच्यातून नाव काढण्याची विनंती नेटवर्कच्या मालकाकडून जावी लागते.

कारण शोधताना रांग आणि लॉग यांत पाहा: कोणत्या खात्यानं लॉगिन करून किती मेल पाठवले? चोरीला गेलेला पासवर्ड हे मला सगळ्यात जास्त सापडणारं मूळ आहे. त्या खात्याचा पासवर्ड बदला, चालू असलेली त्याची लॉगिन तोडा, रांगेतले स्पॅम मेल पुसा, आणि मगच अर्ज करा. रांग न पुसता सर्व्हर सुरू ठेवला तर उरलेले हजारो स्पॅम पुढचे काही दिवस जातच राहतात. त्यानंतर प्रत्येक खात्याला तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा लावा. लॉगिन कुणाचंच दिसत नसेल तर वेबसाइटवरची एखादी घुसवलेली स्क्रिप्ट शोधा.

न पाठवलेल्या मेलचे नकार येत असतील, पण तुमच्या लॉगमध्ये ते मेल दिसतच नसतील, तर तुमचा सर्व्हर स्वच्छ आहे. कुणीतरी दुसरीकडून तुमचा पत्ता पाकिटावर लिहितंय. डीमार्कचं धोरण "नन" (काहीच करू नका) वरून हळूहळू "रिजेक्ट" (नाकारा) वर नेलं की हे कमी होतं. आधी काही आठवडे त्याचे अहवाल मागवून तुमच्या सगळ्या खऱ्या सेवा पास होतात ना ते मात्र पाहून घ्या.

तुमचाच सर्व्हर इतरांना नाकारत असेल तर

उलट्या दिशेचा एक बिघाड फार फसवा आहे. बाहेरच्या सगळ्यांचेच मेल तुमचा सर्व्हर "ब्लॉकलिस्टमध्ये आहात" म्हणून नाकारू लागतो. तुमचा सर्व्हर स्पॅमहाउसला ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारत असेल तर तिथून १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. ते "यादीत आहे" असं उत्तर नसून "या मार्गानं विचारू नका" असा संदेश आहे. पण कोणतंही उत्तर म्हणजे यादीत नाव, असं मानणारा सर्व्हर सगळ्यांनाच परतवतो. सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसमधली उत्तरं शोधून आणणारा प्रोग्राम) बसवा आणि यादीची उत्तरं नेमक्या आकड्यांवर तपासा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सर्व्हरमध्ये कुणी शिरल्याची शंका आली, म्हणजे अनोळखी स्क्रिप्ट, अनोळखी खाती किंवा लॉग पुसलेले दिसले, तर स्वतः साफसफाई करू नका. बाहेर जाणारे मेल बंद करा आणि सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. दिसेल ते पुसून सर्व्हर पुन्हा सुरू केला तर आत यायची वाट तशीच राहते आणि पुरावाही जातो.

दुसरी जागा: आयपी स्वच्छ आहे, रेकॉर्ड बरोबर आहेत, जीमेलच्या तपशिलात तिन्ही पास दिसतात, आणि तरीही एकच मोठी सेवा ५.७.१ देते. आता उरलेलं तुमच्या हातात नाही. त्या सेवेच्या पोस्टमास्टर पानावरून विनंती करा, किंवा समोरच्या संस्थेच्या "पोस्टमास्टर" पत्त्यावर लिहा. मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेननं तो पत्ता चालू ठेवावा असा नियम आहे. आयपीचा पूर्ण पट्टाच बदनाम असेल तर तुमच्या होस्टिंग कंपनीलाच हालचाल करावी लागते.

तिसरी: ज्या सेटिंगचा अर्थ नीट माहीत नाही ती बदलायची वेळ आली तर थांबा. रिलेची परवानगी "थोडी सैल" करून पाहणं हा त्यातला सगळ्यात घातक प्रयोग आहे. उघडा रिले स्पॅमवाल्यांना फार लवकर सापडतो.

जाणकाराकडे जाताना सोबत हे द्या: परतीचा मेल पूर्ण, त्याच्या हेडरसह, नुसता स्क्रीनचा फोटो पुरत नाही. तोच मेल गेला त्या वेळच्या तुमच्या लॉगच्या ओळी, टाइमझोन लिहून. बाहेर पडणारा आयपी, आणि आयपीव्ही६ असेल तर तोही. शेवटचा मेल नीट कधी गेला आणि त्यानंतर डीएनएस, होस्टिंग किंवा वेबसाइटमध्ये काय काय बदललं, त्याची यादी. ही यादी आठवणीतून लिहू नका. डीएनएस पॅनेलमध्ये बदलांची नोंद मिळत असेल तर ती उघडून लिहा.